खबर कोणी द्यायची?

माझा आजा येसकर होता. पाळी आली की त्याने वेशीत रात्र काढायची, गावात कोण आला, कोण गेला हे पाहायचे, आणि पहाटे पाटलाला चावडीवर सांगायचे. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावी पायी जायचे, हेही त्याचेच काम. पावसापाण्यात पाच-सहा कोस चालून त्याने परक्याच्या मरणाच्या बातम्या पोचवल्या आणि त्या बदल्यात अंगणाच्या कडेला उभे राहून शिळी भाकर घेतली. गावाची खबर हे आमच्या घराण्याचे वतन होते.

आजा एक गोष्ट नेहमी सांगे. गावातल्या एका वाड्यात चोरी झाली. त्या रात्री त्याची पाळी होती, आणि अंगात ताप होता. खबर चावडीवर पोचली ती उजाडल्यावर. चोर काही सापडला नाही. खबर उशिरा देणारा मात्र सापडला. दिवसभर त्याला चावडीच्या खांबाला बांधून ठेवले.

दुसरी गोष्ट तो क्वचित सांगे, आणि सांगताना आवाज खाली आणी. आमच्याच वाड्यातली दहा-अकरा वर्षांची एक पोर एका बड्या शेतकऱ्याकडे निंदणीला जात असे. एके दिवशी ती संध्याकाळी घरी आली ती बोलेनाशी झाली. काय झाले ते वाड्याला कळले होते, गावालाही कळले होते. मी शाळकरी होतो. मी विचारले, "मग आजा, तू पाटलाला सांगितलं न्हाईस?" तो म्हणाला, "त्याची खबर कुणी मागितलीच नव्हती, पोरा."

हे वाक्य मी पुढे पन्नास वर्षे विसरू शकलो नाही. ज्या व्यवस्थेने आजाला चोरीची खबर उशिरा दिली म्हणून खांबाला बांधले, तिने एका लेकराच्या देहाची खबर त्याच्याकडे कधी मागितलीच नाही. खबर कशाची घ्यायची, ती कोणी द्यायची आणि दिली नाही तर शिक्षा कोणाला करायची, ह्या तीन प्रश्नांचा इतिहास म्हणजे सत्तेचा इतिहास आहे. आज मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणे हा दंडनीय गुन्हा आहे. ह्या कायद्याकडे आपण आपल्या बाजूने, गावकुसाबाहेरून पाहिले पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी हा लेख.

१

इंग्रजांनी कायदा लिहून काढला तेव्हा येसकराचे काम त्यांना फार सोयीचे वाटले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १७६ आले. जो कायद्याने खबर देण्यास बांधलेला आहे त्याने ती जाणूनबुजून दिली नाही तर त्याला शिक्षा. आणि खबर गुन्ह्याची असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम २०२ मध्येही तेच सहा महिने. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटील आणि त्याच्या हाताखालचे गावकामगार ह्यांना सरकारी पोलिसांच्या साखळीत ओवले. १८७४ च्या वतन कायद्याने महाराची चाकरी सरकारी शिक्क्यानिशी पक्की केली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५ ने तर गावच्या रखवालदाराचा उल्लेखच केला. पाटील, कुलकर्णी, जमीनदार ह्यांच्या जोडीला तोही खबर देण्यास बांधला गेला. कागदावर ओळ सगळ्यांची एकच होती. प्रत्यक्षात चावडीचा खांब कुणासाठी होता हे मी वर सांगितलेच आहे.

त्याच १८९८ च्या संहितेत कलम ४४ होते. ते सर्वसामान्य जनतेसाठी होते. कोणत्या गुन्ह्यांची खबर प्रत्येक माणसाने दिलीच पाहिजे ह्याची त्यात यादी होती. ती यादी जिज्ञासूंनी एकदा वाचावी. राज्याविरुद्धचे गुन्हे आहेत, बेकायदा जमाव आहे, दंगा आहे, खून आहे, जबरी चोरी आहे, दरोडा आहे, आग लावणे आहे, रात्रीची घरफोडी आहे. बलात्कार नाही. मुलांवरचा कोणताही अत्याचार नाही. म्हणजे ज्याला राज्य आहे, घर आहे, तिजोरी आहे, गंजी आहे, त्याच्या मालमत्तेची राखण सगळ्या समाजाने करायची, आणि ज्याच्यापाशी देहापलीकडे काही नाही त्याच्यासाठी कुणी तोंड उघडण्याची सक्ती नाही.

ही नजरचूक नव्हती. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तिच्या मरणानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारा वर्षांवर गेली. पुण्यात ह्या कायद्याला टिळकांनी कडाडून विरोध केला. सरकारने धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कायदा झाला तरी खबरेची वाट बंद ठेवण्यात आली. १८९८ च्या संहितेच्या कलम ५६१ प्रमाणे आरोपी जर मुलीचा नवरा असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या किंवा मुख्य इलाखा दंडाधिकाऱ्याच्या खालच्या कोणालाही ते प्रकरण हाती घेता येत नसे, आणि इन्स्पेक्टरच्या खालच्या पोलिसाला तपास करता येत नसे. एका बारा वर्षांच्या मुलीने, किंवा तिच्या आईने, जिल्ह्याच्या साहेबापर्यंत कसे पोचायचे? घराच्या उंबरठ्याआत काय चालते ते बाहेर येऊ नये, अशी ही तजवीज होती. वरच्या वर्णांच्या घराची अब्रू आणि राज्यकर्त्यांची सोय ह्या दोन्ही गोष्टी त्यात नीट सांभाळल्या गेल्या.

२

मग लेकरांची खबर कोणी दिली? आपल्याच माणसांनी दिली. हा इतिहास पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तो इथे सांगतो.

खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल होती. नवस फेडण्यासाठी अजाण वयाच्या पोरी देवाला वाहायच्या आणि पुढे त्या पोरींचे काय होते हे सर्वांना माहीत असूनही देवाच्या नावाने डोळे मिटायचे. त्या पोरी बहुतांशी आमच्या जातींच्या. ह्या चालीविरुद्ध पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले आणि त्यात मुरळीचा प्रश्न उघड्यावर मांडला. शिवूबाई नावाच्या मुरळीने आपली कर्मकहाणी पत्र लिहून त्यात छापायला दिली. सरकारने कुणाला खबर देण्याची सक्ती केलेली नसताना एका पीडित बाईने स्वतःच्या सहीने ती दिली. ज्या काळात सवर्ण सुधारक आपल्या घरच्या प्रश्नांवर सभा भरवीत होते, त्या काळात जेमतेम अक्षरओळख झालेल्या समाजाने आपल्याच देवाविरुद्ध आणि आपल्याच आईबापांविरुद्ध फिर्याद मांडली. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, १९३४ साली, मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. आणि १६ जून १९३६ रोजी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी अशा भगिनींसमोर उभे राहून हे जिणे सोडण्याचे आवाहन केले.

बाबासाहेबांनी ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही ओळखली होती. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महाराच्या चाकरीला वेळेचे बंधन नाही, कामाची यादी नाही, वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही वेठीला धरले जाते, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तोवर आमच्या वाड्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. माझ्या आजाने कायद्याची वाट न पाहता घुंगराची काठी आढ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. पुढे गावात कुणी मेले की गावाने आपला सांगावा आपण धाडला.

ह्या दोन लढ्यांना मी एकत्र पाहतो. लादलेली खबर आम्ही नाकारली आणि दडपलेली खबर आम्ही दिली.

३

स्वातंत्र्यानंतर नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ साली आली. कलम ४४ चे कलम ३९ झाले. यादीत भर पडली: लाचलुचपत आली, अन्नातली भेसळ आली, बनावट नोटा आल्या. बलात्कार तेव्हाही आला नाही. नोट खोटी आहे हे कळूनही गप्प बसलात तर गुन्हा. शेजारच्या खोलीत पोराचे हाल चालले आहेत हे कळूनही गप्प बसलात तर कायद्याची काही हरकत नाही! स्वतंत्र, समतावादी म्हणवणाऱ्या प्रजासत्ताकाने ही यादी तपासून पुन्हा छापली.

ह्या संहितेच्या एकच वर्ष आधी, २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन म्हणावी अशा आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, असे कारण दिले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. बाईच्या शब्दाला वजन आले. पण ज्यांना माहीत असते आणि जे गप्प बसतात, त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

आता मला माझ्याबद्दल लिहावे लागेल.

१९८३ चा कायदा झाला त्याच सुमारास मी एका अनुदानित वसतिगृहात नोकरीला होतो. मागासवर्गीय मुलांचे वसतिगृह. कुठले ते सांगत नाही. दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री मुलांवर लक्ष ठेवायचे. पाचवीतला एक मुलगा रात्री अंथरूण घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन झोपू लागला. मी त्याला दोनदा हाकलले. तिसऱ्यांदा त्याने सांगितले, "सर, तिकडं नगं." तिकडे म्हणजे कोठीच्या खोलीकडे. त्याने पुढे जे सांगितले ते मी इथे लिहिणार नाही. वसतिगृहाच्या व्यवस्थेतला, संस्थाचालकांच्या नात्यातला एक माणूस होता.

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अहो गुरुजी, पोरं काहीही बोलतात. अनुदानाची तपासणी तोंडावर आली आहे. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे." त्यांनी कागद घेतला नाही आणि मीही कागद पुढे केला नाही. पंधरा दिवसांनी त्या मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते, 'घरी गेला'. ते अक्षर माझे होते.

माझ्या आजापाशी खबर कुणी मागितली नव्हती. माझ्यापाशी एका लेकराने स्वतः आणून दिली होती. तरी ती माझ्याकडेच राहिली.

४

कायद्याला जाग आली ती संस्थांच्या भिंती फुटल्यावर. १९९१ साली मडगावच्या एका अनाथ मुलांच्या आश्रयगृहाचा चालक पकडला गेला. फ्रेडी पीट्स हे ते प्रकरण. वर्षानुवर्षे मुलांचा बाजार चालला होता, छायाचित्रे काढली जात होती, आणि शेजाऱ्यांच्या नजरेत तो परोपकारी गृहस्थ होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. २००३ साली गोव्याने स्वतंत्र बाल कायदा केला. त्यात एक साधी पण मोलाची तरतूद होती: छायाचित्रे धुऊन देणाऱ्याच्या हाती मुलांची अश्लील चित्रे आली तर त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. गुन्हा ज्याच्या डोळ्यांखालून जातो त्याला कायद्याने प्रथमच हटकले.

मग १४ नोव्हेंबर २०१२ रोजी बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, अमलात आला. त्याची तीन कलमे प्रत्येक शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने पाठ केली पाहिजेत.

कलम १९ म्हणते की अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा झाल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी ज्याला भीती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. पुरावा गोळा करून आणण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. सद्भावनेने दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर दावा किंवा खटला करता येत नाही. पोलिसांनी ती खबर लिहून घ्यायची आणि चोवीस तासांत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे. कलम २० प्रसारमाध्यमे, हॉटेल, लॉज, रुग्णालय, स्टुडिओ अशा जागांना त्यांच्या हाती आलेल्या सामग्रीपुरते बांधते.

कलम २१ शिक्षेचे आहे. ज्याने कळवले नाही, किंवा ज्या पोलिसाने खबर नोंदवली नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हे सहा महिने आपल्या ओळखीचे आहेत; १८६० च्या संहितेतलेच ते. पण त्याच्या पुढच्या पोटकलमात काही नवे आहे. कंपनी किंवा संस्था ज्याच्या ताब्यात आहे, त्याने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि तिसरे पोटकलम म्हणते, मुलाला ही शिक्षा लागू नाही. खबर न देण्याबद्दल मुलाला कोणी जाब विचारू शकत नाही.

मी हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा निवृत्त झालो होतो. दोनदा वाचले. गावगाड्यात खबर न देण्याची शिक्षा वेशीतल्या माणसाला होती आणि वाड्यातला माणूस मोकळा होता. इथे, माझ्या माहितीतल्या कायद्यांत प्रथमच, खुर्चीत बसलेल्याची शिक्षा खाली उभ्या असलेल्याच्या दुप्पट झाली. कागदावर का होईना, उतरंड उलटली. हे थोडे नाही.

५

पण कागद आणि गाव ह्यांत अंतर असते. ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात २०१९ साली आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. तपासात १७ मुलींची नावे पुढे आली. ह्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करण्यासाठी एक डॉक्टर नेमलेला होता. मुलींनी त्याला सांगूनही त्याने पोलिसांना कळवले नाही, असा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. नागपूर खंडपीठाने २०२१ साली त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. मुलींचे जबाब खटल्याआधीच बाजूला सारता येणार नाहीत, आणि माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने म्हटले. २०१३ सालीही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ह्याच न्यायालयाने संस्थाचालक, रुग्णालये आणि साक्षीदार ह्यांनी कळवण्याबाबत निर्देश दिले होते. म्हणजे नऊ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. देसाईगंज आणि राजुरा, दोन्ही जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातलीच. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे लेकरे आदिवासींचीच होती, हा काही योगायोग नव्हे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आईबापांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेच्या चालकांवर कलम २१ खाली गुन्हा नोंदला गेला. आरोपी शाळेतला सफाई कामगार होता. २३ सप्टेंबरला तो पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. आरोपीविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. त्याच्यावर खटला चालायला हवा होता आणि शिक्षा व्हायला हवी होती. पण खटल्यात आणखी प्रश्न विचारले गेले असते: कोणाला केव्हा कळले? कोणी कोणाला गप्प बसवले? खालच्या माणसाला गोळी घालून वरच्यांची उलटतपासणी टाळता येते, हे आपण ओळखले पाहिजे. पेढे वाटणाऱ्यांत आपली मुले असतील तर त्यांना हे समजावून सांगितले पाहिजे.

दुसरे एक भय आहे. कलम १९ 'कोणतीही व्यक्ती' म्हणते. त्यात संस्थाचालक येतो तशी वसतिगृहातली स्वयंपाकीणबाई येते, आणि झोपडीतली आईही येते. नवरा किंवा दीर आरोपी असतो, घर त्याच्या मजुरीवर चालते, पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची तिची छाती नसते. तिने चार दिवस उशीर केला म्हणून तिला आरोपी केले आणि संस्थाचालकाला साक्षीदार केले, तर ती पुन्हा येसकरकीच झाली. सरकारी दवाखान्यातही हीच अडचण आहे. डॉक्टर पोलिसांना कळवणार ह्या भीतीने पोटुशी राहिलेली सोळा-सतरा वर्षांची पोर वैदूकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अशा मुलीचे नाव उघड करण्याची डॉक्टरवर सक्ती नाही असे सांगितले; पण तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ते किती पोचले आहे?

ह्या बाबतीत आपण अमेरिकेकडे पाहावे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या काळ्या बांधवांच्या पँथरचे नाव घेऊन. तेव्हा त्यांच्या अनुभवातून शिकण्यात आपल्याला कमीपणा नाही. १९६२ साली हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांवर निबंध लिहिला. १९६७ पर्यंत तिथल्या सर्व राज्यांनी डॉक्टरांना अशा संशयाची खबर देणे सक्तीचे केले. अनेक लेकरे त्यामुळे वाचली. पण खबरेची सरकारी नजर काळ्यांच्या आणि गरिबांच्या घरांवर अधिक पडली. गरिबीलाच दुर्लक्ष समजून मुले उचलली गेली. मूळनिवासींची मुले तर घराघरांतून इतकी नेली गेली की १९७८ साली ते थोपवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. खबर सक्तीची करणारा हात कोणाचा आहे, हे पाहिल्याशिवाय कायद्याचे गुणगान करू नये, हा त्यातला धडा.

६

म्हणून मी ह्या कायद्याच्या विरोधात नाही. त्याची धार कोणाकडे वळते ह्याबद्दल मी जागरूक आहे. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आश्रमशाळा, वसतिगृह, शाळा, बालगृह ह्यांतले प्रकरण असेल तेव्हा फिर्यादीत कलम २१ च्या दुसऱ्या पोटकलमाची मागणी करा. कोणाला कोणत्या तारखेला कळले, हे फिर्यादीत लिहवून घ्या. पोलीस प्रथम खबर नोंदत नसतील तर त्यांनाही कायदा आहे. २०१३ च्या दुरुस्तीने दंड संहितेत कलम १६६-अ आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम १९९ आहे. अशा गुन्ह्याची खबर न नोंदणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. लेकरू अनुसूचित जातीचे वा जमातीचे असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आहे. ह्या जातीजमातींबाहेरच्या सरकारी नोकराने त्या कायद्याखालच्या कर्तव्यात जाणूनबुजून हयगय केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. आपल्या चळवळीने ही कलमे मिळवली आहेत. ती भाषणात आठवतात आणि पोलीस ठाण्यात विसरली जातात.

शिक्षकांना एवढेच सांगतो: लेकरू सांगेल तेव्हा ऐका, त्याला उलटसुलट विचारू नका, आणि त्याच दिवशी लेखी कळवा. मुख्याध्यापकाला सांगितले म्हणजे झाले, असे समजू नका. कायदा पोलिसांना कळवायला सांगतो, मुख्याध्यापकाला नव्हे. मी जिथे थांबलो तिथे तुम्ही थांबू नका.

शेवटी एक. १८५५ साली मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ती पोर. आपल्या लेखनाची सुरुवात आपण तिच्यापासून मानतो. म्हणजे आपल्या साहित्याचा आरंभच एका लेकराने दिलेल्या खबरेने झालेला आहे. त्या लेकराला कोणी पाठवले नव्हते, आणि गप्प बसली असती तर कोणी शिक्षाही केली नसती.

माझ्या वसतिगृहातला तो मुलगा आज, असेल तर, पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याचे गाव मला माहीत होते. त्या काळी माझ्यावर कलम २१ लागू नव्हते, आज मागे जाऊन कोणी ते लावूही शकत नाही. पण हजेरीपटावरचे 'घरी गेला' हे अक्षर माझे आहे, आणि त्याला मुदतीचा कायदा नाही. ही खबर चाळीस वर्षे उशिरा देतो आहे. आजाला एका रात्रीच्या उशिरासाठी खांबाला बांधले होते.